टाचेकडचं वळण का निसटतं: हार्डबूटची जुळवणी पायापासून वर

प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षं सॉफ्टबूटवर स्नोबोर्डिंग केल्यावर तुम्ही दुसऱ्या कुणी वापरलेले हार्डबूट (स्कीच्या बुटांसारखे कडक कवचाचे), ते बोर्डाला अडकवणारी प्लेट बाइंडिंग आणि कमरेला, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागाला, २० सेंटीमीटर रुंदीचा अल्पाइन बोर्ड (कडेवर वळणं कोरण्यासाठीचा अरुंद बोर्ड) घेतलात. बूट मोंडो २८ चे (पायाच्या लांबीवरून ठरणारं माप), ‘पाय घातल्याबरोबर आरामशीर वाटले’ म्हणून घेतलेले. नंतर पाय मोजला तर तो भरला २६.५. बाइंडिंग पुढे ४५ आणि मागे ४० अंशांवर (बोर्डाच्या आडव्या रेषेपासून मोजलेले). तक्रारी तीन: तासाभरात बोटं बधिर होतात, नडगी सोलवटते, आणि चवड्याकडचं वळण बऱ्यापैकी जमतं पण टाचेकडच्या वळणात बोर्ड आधी थरथरतो आणि मग निसटतो. तुमचा अंदाज असा की बूट फार घट्ट असावेत, तर नडगीला पॅड लावू का, आणि निसटणं थांबवायला आणखी ताठ बोर्ड घेऊ का?

दोन्ही नको. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल ते. तुमचे बूट घट्ट नाहीत, मोठे आहेत. आणि तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतांशी तिथेच आहे.

आधी बधिरपणा. मोठ्या बुटात टाच जागेवर बसत नाही. ती उचलली जाते म्हणून तुम्ही घोट्यासमोरचं बकल आणखी एक दात आवळता, मग आणखी एक. पायाच्या वरच्या बाजूनं बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा तिथे अगदी कातडीलगत असतात. त्या दाबल्या की बोटं आधी गार पडतात, मग बधिर होतात, आणि आपण समजतो बूट घट्ट आहे. नडगीचंही तेच. पाय आत पुढे-मागे सरकतो आणि प्रत्येक वळणाला नडगी बुटाच्या जिभेवर आपटते. सतत टेकलेली नडगी सहसा दुखत नाही, आपटणारी दुखते.

टाचेकडच्या वळणाचं थोडं सविस्तर सांगतो. त्या बाजूला बोर्ड कलवताना तुम्ही पायाची बोटं वर ओढता आणि पोटरी बुटाच्या मागच्या भिंतीवर रेलते. बुटात जागा असेल तर पोटरी आधी ती रिकामी जागा ओलांडते आणि मग भिंतीला लागते. तेवढा वेळ बोर्डाला काहीच कळलेलं नसतं. उशीर भरून काढायला तुम्ही नकळत ढुंगण मागे टाकून खुर्चीवर बसल्यासारखे बसता. वजन कडेच्या आत पडतं, कड पकडते-सोडते-पकडते, हीच ती थरथर. चवड्याकडे हा दोष झाकला जातो, कारण नडगीसमोर जीभ असते आणि घोट्याला त्या दिशेनं वाकण्याची सवय असते.

मी स्वतः पहिले दोन हंगाम दीड नंबर मोठ्या बुटात काढलेत. जिथे जागा दिसेल तिथे फोमचे तुकडे चिकटवले होते. लायनर (बुटाचं आतलं मऊ अस्तर) गोधडीसारखा दिसायचा आणि टाच तरी उचलायचीच. त्यामुळे पुढचं सगळं थोडं हट्टानं सांगतोय असं वाटलं तर समजून घ्या.

शेल

मोंडो म्हणजे पायाची सेंटीमीटरमधली लांबी, त्यात दुसरं गूढ काही नाही. संध्याकाळी, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर पूर्ण वजन देऊन उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. बसून मोजलं तर आकडा कमी येतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा.

मग लायनर बाहेर काढा आणि उघडा पाय रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, घाला. बोटं पुढे जेमतेम टेकू द्या, गुडघा थोडा वाकवा, आणि टाचेमागची फट मोजा. १० ते १५ मिलीमीटर असेल तर कार्व्हिंगसाठी (न घसरता कडेवर वळण कोरण्यासाठी) उत्तम. २० पर्यंत चालवून घेता येतं. २५ च्या पुढे गेलं की ते बूट दुसऱ्याचे. २६.५ चा पाय २८ च्या शेलमध्ये म्हणजे तुमची फट जवळजवळ खात्रीनं या शेवटच्या गटात आहे. बोटानं अंदाज घेऊ नका, कारण बोटं सगळ्यांची सारखी जाड नसतात. १५ मिलीमीटर जाडीची लाकडी काठी घ्या आणि ती घालून बघा.

खरेदी करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. बऱ्याच कंपन्या पूर्ण आणि अर्ध्या नंबरला एकच शेल वापरतात, फक्त लायनर किंवा आतला तळवा वेगळा असतो. त्यामुळे अर्ध्या नंबरवरून भाव करत बसण्यापेक्षा शेलच्या टाचेजवळ कोरलेली तळव्याची मिलीमीटरमधली लांबी वाचा. दुसरं, त्याच मोंडोची तळव्याची लांबी प्रत्येक कंपनीत सारखी नसते. याचा संबंध पुढे बाइंडिंगच्या कोनाशी येतो.

रुंदीची चिंता लांबीइतकी करू नका. लांबीला योग्य असलेलं शेल करंगळीच्या मुळाशी किंवा घोट्याच्या हाडावर टोचत असेल तर बूटफिटर ती जागा गरम करून बाहेर फुगवून देतो. मोठं शेल मात्र कुणी लहान करून देत नाही.

स्कीचे बूट चालतील का, हेही बरेचजण विचारतात. जुन्या पद्धतीच्या सपाट, टणक तळव्याचे असतील तर बाइंडिंगमध्ये बसतात आणि एखाद्या दिवसाची चाचणी होते. पण ते बाजूला अजिबात झुकत नाहीत आणि बोर्डावर घोट्याला ती मुभा लागते. चालायला सोपे म्हणून गोलसर रबरी तळव्याचे जे नवे बूट येतात ते प्लेट बाइंडिंगमध्ये घालूच नका, बूट पकडणारी बाइंडिंगची कडी नीट बसत नाही.

लायनर आणि फूटबेड

आधी फूटबेड, मग लायनर. उलटं केलं तर लायनर दोनदा तापवावा लागतो.

फूटबेडला, म्हणजे कमानीला आधार देणाऱ्या आतल्या तळव्याला, लोक चैन समजतात. पण जोरदार वळणात शरीर ६० अंश कललं की पायांवर तुमच्या वजनाच्या दुप्पट भार येतो, ४५ अंशांवर सुमारे १.४ पट. त्या भाराखाली पायाची कमान खाली बसते, पाय लांब आणि रुंद होतो, आणि सकाळी नेमका बसलेला बूट ऐन वळणात चावायला लागतो. कमानीला आधार मिळाला की पायाचा आकार वळणातही तोच राहतो.

थर्मो लायनर तापवून पायावर बसवतात. तापमान आणि वेळ बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच ठेवा, घरच्या ओव्हनमध्ये अंदाजपंचे प्रयोग नकोत. लायनर गरम होण्याआधी बोटांवर फोमची टोपी चढवा म्हणजे तिथे हलवायला जागा राहते. घोट्याचं हाड किंवा करंगळीचा सांधा टोचत असेल तर तिथेही फोमची चकती लावा. त्यावरून पातळ मोजा घाला. गरम लायनर घातल्यावर टाच मागे आपटून बकलं मध्यम लावा आणि गुडघे वाकवून, बोर्डावर उभं राहता तसंच, लायनर निवेपर्यंत उभं राहा. सरळ ताठ उभं राहाल तर लायनर ताठ उभ्या माणसाचा होईल.

नवा बसवलेला लायनर पहिल्या दिवशी थोडा जास्तच आवळ वाटला पाहिजे. काही दिवसांत तो दबतो आणि जागा करतो. पहिल्या दिवशी ‘आरामशीर’ वाटलेला लायनर महिन्याभरात सैल झालेला असतो. तुमचे २८ नंबर असेच आरामशीर होते.

एवढं होऊनही टाच किंचित उचलत असेल तर घोट्याच्या हाडाच्या मागे आणि खाली, टाचेच्या वरच्या खोबणीत, लायनरच्या बाहेरून इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा फोम चिकटवा. हाडावर नव्हे, हाडाभोवती. माझी गोधडी इथेच चुकली होती.

मोजा एकच, पातळ. थर्मलची तुमान बुटात कोंबू नका, तिची शिवण नडगीवर आली की संध्याकाळपर्यंत रक्त निघतं. नडगीच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच विचारतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

बकलं लावायचा क्रम: टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, घोट्यासमोरचं बकल आधी, मग नडगीवरची, मग गुडघा दोन-चारदा पुढे वाकवून पुन्हा एक-एक दात. बोटांवरचं बकल सर्वांत शेवटी, आणि तेही फक्त उघडं राहू नये इतपत. बोटं आवळून कुणाचंही वळण सुधारलेलं नाही.

पुढचा कल

बुटाच्या मागे जी पट्टी किंवा लिव्हर असते तिनं नडगी किती पुढे झुकलेली राहील ते ठरतं. पुढचा बूट थोडा उभा आणि मागचा जास्त झुकलेला, अशी सुरुवात करा. कलच कमी ठेवला तर टाचेकडे बोर्ड आळशी होतो, फार जास्त ठेवला तर मांड्या पेटतात. आणि कृपा करून तपासा की लिव्हर ‘चालण्याच्या’ स्थितीत नाही ना. हसू नका, मी लिफ्टमधून उतरल्यावर दोन वळणं मारून ‘आज काय झालंय’ असं म्हणत थांबलोय ते यामुळेच.

काही बुटांत कडक पट्टीऐवजी स्प्रिंग बसवता येते. तिनं घोटा दोन्ही दिशांना थोडा दबतो आणि खडबडीत बर्फावर कड टिकून राहते. चांगली गोष्ट आहे, पण नंतरची. मोठ्या बुटाला स्प्रिंग लावून काही होत नाही.

बाइंडिंग

आता तुमचा ४५-४० चा प्रश्न. बुटाचा तळवा ३० सेंटीमीटर धरला तर ४५ अंशांवर तो बोर्डाची आडवी रुंदी सुमारे २१ सेंटीमीटर व्यापतो, ५५ अंशांवर १७, आणि ६० वर १५. हे झालं मधल्या रेषेचं गणित, वर टाचेचे आणि चवड्याचे कोपरे येतात ते वेगळे. म्हणजे २० सेंटीमीटरच्या बोर्डावर तुमचा २८ चा बूट, ज्याचा तळवा ३० पेक्षाही लांब असणार, नक्की बाहेर डोकावतोय. बोर्ड जास्त कलला की तो बर्फाला लागतो, कड उचलली जाते आणि तुम्ही पाठीवर.

म्हणून निसटण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. आधी थरथर आणि मग हळूहळू घसरत जाणं: हा बुटातल्या सैलपणाचा आणि बसक्या पवित्र्याचा दोष. काही सूचना न देता एकदम सुटणं: बूट टेकला. खात्री करायची तर परत वर जाऊन आपली खूण बघा. कडेच्या रेषेशेजारी दुसरा उथळ चर दिसला तर तो बुटानंच ओढलेला. तुमच्या वर्णनावरून दोष पहिला दिसतो, पण तो दुरुस्त करून बोर्ड जास्त कलवायला लागलात की दुसरा ठरलेलाच.

नवे, योग्य मापाचे बूट आले की पुढे ५५ आणि मागे ५२च्या आसपास सुरू करा. बोर्डाची रुंदी कमरेपाशी नाही, प्रत्येक बाइंडिंगखाली मोजा, तिथे तो जरा रुंद असतो. बूट अडकवून बोर्ड जमिनीवर कडेवर उभा कलवा आणि टाच-चवडा टेकतात का पाहा. दोन्ही बाजूंना अंतर सारखं यायला हवं. टाच बाहेर आणि चवडा आत असेल तर बाइंडिंग चवड्याच्या कडेकडे सरकवा, कोन बदलू नका. कोन गरजेपेक्षा जास्तही नको, त्यानं कंबर पुढे वळून अडकते आणि कड बदलायला ताकद लागते.

दोन पायांतलं अंतर काढायला पायाच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.६ हा सुरुवातीचा ठोकताळा पुरतो: ८० सेंटीमीटरला ४८. पुढच्या पायाच्या चवड्याखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली ३-३ अंशांची उंची दिली की गुडघे आपसूक जवळ येतात. आत-बाहेरचा बाजूचा कल सध्या शून्य ठेवा. जमिनीवर उडी मारून उतरा, गुडघे कुठे ओढल्यासारखे वाटले तरच त्याच्या नादी लागा.

कडीची लांबी तुमच्या तळव्याला जुळवलेली हवी: बाइंडिंगचा लिव्हर हातानं जोर देऊन बंद व्हावा, पायानं ठोकून नव्हे, आणि बंद झाल्यावर टाच हलवली तरी खटखट येऊ नये. टाचेत पिना असलेला स्टेप-इन प्रकार असेल तर दर वेळी दोन्ही पिना पूर्ण बाहेर आल्यात का ते डोळ्यांनी बघा. आत बर्फ गोठला की एकच पिन बसते आणि आवाज मात्र बरोबर येतो. स्क्रू एम ६ असतात, म्हणजे एका फेऱ्याला एक मिलीमीटर. उंचीच्या चकत्या घातल्यावर जुने स्क्रू आखूड पडतात, किमान पाच-सहा पूर्ण फेरे आत जायला हवेत. फार लांब स्क्रू बोर्डाच्या तळाला आतून टेंगूळ आणतो. पहिल्या दिवसानंतर सगळे पुन्हा आवळा.

बोर्ड

ताठ बोर्ड का नको ते गणितातच आहे. वळण पूर्ण कोरलेलं असेल तर त्याची त्रिज्या साइडकटच्या (बोर्डाच्या बाजूच्या आतल्या वक्राच्या) त्रिज्येपेक्षा कमी होत जाते: १० मीटर साइडकटचा बोर्ड ४५ अंश कलला की सुमारे ७ मीटरचं वळण, ६० अंशांवर ५ मीटरचं. सपाट बर्फ धरून तोल राखायला ४५ अंशांना ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग लागतो आणि ६० अंशांना ३३. म्हणजे वेगातला फरक किरकोळ, कलातला प्रचंड. २० मीटर साइडकट घेतलात तर नुसत्या ४५ अंशांसाठी ताशी ४२ किलोमीटर हवेत. ऑलिंपिकमध्ये २००२ पासून जी पॅरलल जायंट स्लॅलम असते तिचे लांबलचक बोर्ड दिसायला झकास असतात, पण त्यांना वाकवायला जो वेग लागतो तो तुमच्या टाचेकडच्या वळणाला आज पेलणार नाही. तुमच्या बोर्डाचा साइडकट १० ते १२ मीटर असेल तर तो ठेवाच.

कडांना मात्र धार हवी. तळाकडून अर्धा ते एक अंश, बाजूनं ८८ किंवा ८९. नखाच्या पाठीवरून कड हलकेच ओढली की पांढरा कीस निघाला पाहिजे.

बर्फावर

सोप्या, रुंद, रिकाम्या उतारावर जा. सरळ थोडा वेग घ्या, मग बोर्ड फक्त टाचेच्या कडेवर कलवा आणि काही करू नका. ढकलू नका, फिरवू नका. बोर्ड स्वतः वळून, उताराच्या वर चढून थांबेल. मागे बघा: पेन्सिलीनं ओढल्यासारखी एकच बारीक रेष हवी. पट्टा दिसला तर कुठेतरी ढकललंत. दहा वेळा टाचेकडे, दहा वेळा चवड्याकडे, दोन वळणं जोडायची घाई नको. यात तुम्ही उताराच्या वर जाता, आणि एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) आचारसंहितेतला पाचवा नियम नेमका याविषयी आहे: वर जाणाऱ्यानं वर-खाली दोन्हीकडे बघून घ्यायचं. सुरू करण्याआधी आणि वळताना मान वर करा.

टाचेकडे कंबर आणि छाती बाइंडिंगच्या दिशेनं ठेवा, मागचा गुडघा पुढच्याच्या मागे ढकला, बुटात बोटं वर ओढा, नजर वळण जिथे संपणार तिथे. मागे बसावंसं वाटेल तेव्हा मागचा हात पुढच्या बुटाकडे न्या, बसताच येत नाही. चवड्याकडे उलटा मोह होतो, हात बर्फाला लावायचा. हात लावायला कंबरेतून वाकलात की कड हलकी होते. गुडघे आणि नितंब खाली येऊ द्या, बर्फ हाताशी आपण होऊन येतो.

एका वेळी एकच बदल करा, तीन उतरणी त्याच्यावर काढा, आणि वहीत लिहा. कोन, अंतर आणि कल एकदम बदललेत तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

आणि हो, ते २८ नंबरचे बूट विकायला काढाल तेव्हा मोंडोच्या आकड्याशेजारी तळव्याची मिलीमीटरमधली लांबीही लिहा. घेणाऱ्याला रिकाम्या शेलमध्ये पाय घालून बघू द्या, ‘आरामशीर आहेत’ हा शब्द तेवढा टाळा.